मजकूर-खर्च

चैत्र उतरत होता, बोंडांचा आंबूस वास
थेट उभादांड्याच्या वाळूपर्यंत पोचला होता,
तेव्हा मी वहीत नवा रकाना पाडला: मजकूर.
वर वीजबिल, जळण, पिशव्या, कुरियर,
खाली ज्याला नाव नाही ते किरकोळ.

भाचा पुण्याहून फोनवर म्हणाला, मामा,
माल चांगला असून भागत नाही आता,
लोक शोधतात तेव्हा तू सापडायला हवास.
महिन्याला आठ लेख, प्रत्येकी पाचशे शब्द.
मी जन्मभर काजू किलोवर विकला.
शब्द कशावर तोलतात
ते वेंगुर्ल्यात कोणाला विचारणार?

पहिला लेखक तीस पैशांनी मिळाला.
चार हजार शब्द, बाराशे रुपये.
एवढ्यात जळणाचा टेम्पो दारात येत नाही.
खूश झालो. मजकूरही आला भरघोस:
निसर्गाच्या कुशीत, परंपरेचा वारसा,
आणि तिसऱ्या परिच्छेदात
वाऱ्यावर डोलणाऱ्या काजूच्या वेली.

वेली.

मोबाइल तसाच सोलणीच्या खोलीत नेला,
मोठ्याने वाचून दाखवला.
बायका हसल्या, सुऱ्या थांबल्या,
थांबल्या नाहीत तिथे गराचा तुकडा पडला.
तुकड्याचा भाव अख्ख्याच्या निम्मा.
ते नुकसान कुठल्या रकान्यात घालू
हे मला अजून कळलेलं नाही.

मग रत्नागिरीची तस्नीम परकार.
शब्दाला दीड रुपया, म्हणाली,
आणि लिहिण्याआधी कारखाना बघणार.
मी सव्वा म्हटलं.
ती गप्प.
फोनवरचं गप्प राहणं फार महाग असतं.
मी दीडवर आलो.
तिचं एसटीचं भाडं वाहतुकीत लिहिलं,
काजूबियांच्या पोत्यांखाली.

ती दिवसभर टेबलाशी बसली.
चीक लागून तिची बोटं काळवंडली,
सत्यवती कुबलने तिच्या हाताला
आधी खोबरेल चोळलं, मग राख.
तिने विचारलं, बोटांची साल निघते
तेव्हा भाकरी कशी थापता?
भाजलेली बी झाली हे कशावरून कळतं?
एकोणीस वर्षं मी या बायकांची हजेरी मांडतोय,
हे माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

दर ऐकून सत्यवती म्हणाली,
‘शब्दाक दीड रुपयो?
मगे आमच्या बडबडीचा बिल खय लावतलास?’
मी हसण्यावारी नेलं.

लेख आला. दोनशे बारा शब्द.
मी दोनदा मोजले, बोट ठेवून.
पाचशे ठरले होते.
बिल तीनशे अठरा.
जास्तीच्या बिलावर भांडायला मला येतं,
पिशवीवाल्याला विचारा.
कमी बिलावर कसं भांडतात?
फोन केला, बाकीचे शब्द कुठे गेले?
म्हणाली, काढून टाकले.
त्याचे पैसे नाही लावले.

कुशी नव्हती, वारसा नव्हता. होतं ते एवढंच,
की सत्यवती कुबल बी कानाशी नेऊन हलवते,
आतला गर सालीपासून सुटला की
तो बोलतो, आणि मगच ती सुरी घेते.

त्या आठवड्यात सात ऑर्डरी आल्या.
लेखामुळे की लग्नसराईमुळे, देव जाणे.
एका नागपूरच्या बाईंनी मात्र लिहिलं होतं,
सत्यवतीबाईंनी ऐकलेलाच काजू पाठवा.

तो निरोप वाचून दाखवला.
सत्यवतीने हात पुसले, हिशेबाला बसल्यासारखी बसली.
‘तिना माझा नाव घातल्यान मां?
नाव नि आडनाव, दोन शब्द.
तीन रुपये झाले.
ते कोणाक?’

खोलीत कोणी हसलं नाही.
भट्टीचा पंखा तेवढा फिरत होता.

रात्री वही उघडली.
मजकूर: तीनशे अठरा.
त्याखाली तीन रुपये लिहिले.
दरमहा, असंही लिहिलं,
मग दरमहावर पेन थबकलं,
कारण तीन लिहिताना
एकोणीस वर्षांची सगळी पानं
उलटी चाळावी लागतील असं वाटलं.
खाडलं नाही.
वही तशीच उघडी ठेवली,
वर कोकमाची बाटली, वाऱ्याने पान उलटू नये म्हणून.